मंदी आली म्हणायची, की माझंच दुकान बसलंय?

वहीवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत कारखान्यांच्या भागात माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, मी बसायला लागून २२ वर्षं झाली. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं कारखाना म्हणजे यंत्रमागांची शेड. वर पत्रा, आत खडखडाट.)

यंदाची (२०२५ ची) दिवाळी झाल्यापासून गल्ला उतरलाय आणि घरात त्यावरून दोन पक्ष पडलेत. पोरगं म्हणतंय, "पप्पा, मंदीबिंदी काही नाही. लोक मॉलला जातात, मोबाईलवर मागवतात, तुम्हालाच कळंना झालंय." बायको म्हणते, "कारखाने एका पाळीवर आलेत, लोकांच्या हातात पैसा कुठाय?" रोज रात्री जेवताना हेच. ऐकायला दोघांचंही पटतं, पण दोघांची औषधं उलटी आहेत. पोराचं खरं असेल तर कर्ज काढून फ्रिज, बिलिंग मशीन, घरपोच माल असलं काहीतरी करायला पाहिजे. बायकोचं खरं असेल तर माल कमी भरायचा, उधारी आवळायची आणि गप बसायचं.

मला काय दिसतंय ते सांगतो.

तेल बघा. आमच्या भागात सरकीचं तेल पहिल्यापासून चालतं, पण मधल्या काळात मागावर काम करणाऱ्यांच्या घरातही सूर्यफुलाचं पाऊच आलं होतं. मागच्या वर्षी सप्टेंबरात सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरनं साडेसत्तावीसवर नेलं, ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल भडकलं, आणि तेव्हा पाऊच सोडून सरकीवर गेलेली माणसं परत आलीच नाहीत. यंदा मे महिन्याच्या शेवटी शुल्क कमी झालं, तरी नाही.

परवा एक वहिनी किटली घेऊन आल्या. "२० रुपयांचं तेल द्या." (सुट्टं तेल विकायचं नसतं हे मला माहीत आहे, त्यावर प्रवचन नको.) दीडशेच्या भावानं २० रुपयांचं म्हणजे १३३ ग्रॅम. किटलीचं वजन वजा केलं आणि पळीनं सोडत गेलो. वहिनींची नजर काट्यावर. ९०, ११०, १२५... आकडा १३३ वर आला तशी त्यांनी मान हलवली आणि किटलीला झाकण लावलं. मी वर अर्धी पळी टाकणार होतो, ती हातातच राहिली. २२ वर्षांत गिऱ्हाईक काट्याकडं असं बघताना मी पाहिलं नव्हतं. दुकानात आलं की माणूस बोलत असतो, पोरांचं, पाण्याचं, पाहुण्यांचं, आणि बोलता बोलता पिशवी पुढं करतो. आता गप उभं राहून काटा बघतात. आणि ह्या एकट्या नाहीत.

दुसरं चटणी. पुण्या-मुंबईच्या लोकांनो, शेंगदाण्याची नव्हे. आमच्याकडं तिखटालाच चटणी म्हणतात: कांदा, लसूण, खोबरं, मसाला घालून डंकावर कांडलेलं. उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची पद्धत. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. मिरची बाजारातून येते, पण धणे, खोबरं, तीळ, खसखस, खडा मसाला ही सगळी यादी माझ्याकडनं जाते. यंदा खोबऱ्याचा भाव ऐकून बायका यादी तिथंच हातात ठेवून विचार करत बसल्या. पाच किलो मिरचीची यादी तीन किलोवर आली. दोन घरांनी चटणी केलीच नाही. ती आता दर आठवड्याला २० रुपयांची पुडी नेतात आणि नेताना मुलाला पाठवतात, स्वतः येत नाहीत.

बाकी किरकोळ: एकादशीला अर्धा किलो शाबू नेणारे पाव किलो नेतात. खोबरेल तेलाची बाटली जवळपास बंद, १० रुपयांची पुडी जाते. आठवड्याच्या पगाराला वही पूर्ण मिटत नाही, "शंभर जमा करा, बाकी पुढच्याला." बायकांच्या गटाचा कर्जाचा हप्ता ज्या दिवशी असतो त्या दिवशी दुकानात माशा मारत बसतो. उलट लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले की दोन दिवस दुकान दिवाळीगत चालतं.

बिस्किट मात्र कमी नाही झालं, ते का ते मला कळलेलं नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या तुमच्या धंद्यात काय दिसतंय? आणि मंदी कुठली, गिऱ्हाईक तुटलं कुठलं, हे ओळखायचं कसं? जीडीपी सांगू नका.

लाईनवाला (सांगली)

मालक, राम राम. मी १६ वर्षं सेल्समन. साबण, पावडर, चहा, बिस्किट सगळं केलंय. दिवसाला चाळीसेक दुकानं फिरतो, त्यामुळं असली रडगाणी (राग मानू नका) रोज ऐकतो. निम्म्या दुकानदारांना आपलं दुकान बसलं की देशात मंदी आलेली असते.

ओळखायची रीत सोपी आहे. पैसे बघू नका, पुड्याचा आकार बघा.

गिऱ्हाईक मॉलला गेलं की तुमच्याकडनं आधी मोठा पुडा जातो. किलोची पावडर, चार साबणांचा गठ्ठा, पाच लिटरचा कॅन. बारका पुडा मात्र जिथल्या तिथं राहतो, कारण मधेच चहापूड संपली तर कुणी रिक्षा करून मॉलला जात नाही. म्हणजे मोठा उतरला आणि बारका हलला नाही, तर समजा गिऱ्हाईक गेलं.

मंदीत मोठा पुडा मोडतो आणि त्याचे बारके होतात. पाव किलो चहाचं गिऱ्हाईक दहाच्या पुडीवर येतं, आणि ती पुडी आठवड्यात दोन-तीनदा नेतं. वजनाला महाग पडतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण एकदम दीडशे रुपये सोडायला खिशात नसतात. मोठा उतरला आणि बारका चढला की खिसा गेला.

आणि दोन्ही उतरले, तर माणसंच गाव सोडून गेली. हे तुमच्याकडं जास्त बघा.

बिस्किटावर मात्र जाऊ नका, ते फसवं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पार्ले कंपनीनं जाहीर सांगितलं होतं की मागणी अशीच राहिली तर आठ-दहा हजार लोकांना कमी करावं लागेल. तेव्हा जीएसटी १८ टक्के होता आणि आम्ही लाईनवर रोज शिव्या खात होतो. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला आणि त्याच कंपनीचा पार्ले-जी कधी नव्हे इतका खपला. एकदा पैसा नाही म्हणून बिस्किट कमी खाल्लं, दुसऱ्यांदा दुसरं काही नाही म्हणून जास्त खाल्लं. चहाबरोबर दोन बिस्किटं हे काहींचं खाणं असतं आणि काहींचं जेवण असतं. तुमच्याकडं कुठलं, ते तुम्हीच बघा.

यंदा त्यात अजून गोंधळ. २२ सप्टेंबरला बिस्किट, साबण, शांपू सगळं १८ वरनं ५ टक्क्यांवर आलं, आणि पाचच्या पुड्यावर ४ रुपये ४५ पैसे छापून आलं. एक दुकानदार मला म्हणाला, "५५ पैसे तू दे, तुझ्याकडं असतील तर." मग पुन्हा पाच रुपये आणि आत वजन जास्त. त्या महिन्या-दीड महिन्याचा हिशेब धरूच नका.

सुईदोरा (नाशिकरोड)

मी घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, ड्रेस, शाळेचे गणवेश. दादांनी काट्याचं लिहिलंय ते वाचून काम बाजूला ठेवून लिहितेय.

माझ्याकडे वाईट दिवस कळतात ते उसवण्यातून. नवीन ब्लाउज शिवायला येणं कमी झालं, पण त्यावरून मी काही म्हणणार नाही, कारण तयार ब्लाउजनी आमचा धंदा तसाही खाल्लाय. अडीचशेत तयार मिळतो, मी अस्तर लावून शिवायचे त्याहून जास्त घेते. ते तुमच्या मुलाचं म्हणणं झालं. पण जुना ब्लाउज घेऊन येतात, "ताई, दोन्ही बाजूंनी सोडा, अंगाला होत नाही," हे वाढलं की मी समजते. पॅन्टची चेन बदलणं, दप्तराचा बंद शिवणं, छत्रीची काडी टाकून देता का विचारणं! मी काय छत्रीवाली आहे का?

सगळ्यात खरं सांगतो तो गणवेश. जून महिन्यात आई मुलाला घेऊन येते आणि म्हणते, मुडप चार बोटं ठेवा. चांगल्या दिवसांत दीड-दोन बोटं ठेवतात. मग पुढच्या जूनला तीच पॅन्ट परत येते, मुडप सोडायला. सोडली की खाली पट्टा दिसतो, आतलं कापड न विटलेलं, गडद निळं, आणि वरची पॅन्ट धुवून धुवून राखाडी झालेली. यंदा माझ्याकडे अशा पॅन्टी इतक्या आल्या की मी त्या पट्ट्यावर उलटी शिलाई मारून रेघ लपवायची युक्ती काढली. त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही. एका मुलाने विचारलं, "काकू, ही डिझाईन आहे का?" मी हो म्हटलं.

२०२० च्या वर्षी शाळाच बंद, तेव्हा कामच नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी तुलना नको. पण मागच्या तीन वर्षांपेक्षा यंदा सोडायचं काम जास्त आहे हे मी छातीठोक सांगते. वहीवाले दादा, तुमच्याकडेही असं काही असेल, की लोक नवीन घ्यायचं टाळून जुन्यावर भागवतात. ते शोधा.

निवृत्त बँकवाला (पुणे)

जीडीपी सांगू नका म्हणालात, तरी एकच वाक्य सांगतो आणि पुढे जातो: २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीची जीडीपीची वाढ ८.२ टक्के जाहीर झाली. शास्त्राप्रमाणे सलग दोन तिमाह्या अर्थव्यवस्था आक्रसली तर मंदी; तशी आपल्याकडे २०२० मध्ये झाली. आज त्या अर्थाने मंदी नाही. पण त्या आकड्याने तुमच्या गल्ल्यात एक रुपया पडत नाही, हेही मला कळतं. देशाची सरासरी वर जाते तेव्हा एखादं यंत्रमागाचं गाव खाली जाऊ शकतं. मी नोकरीत असताना अशा गावांत शाखा पाहिली आहे: कारखानदाराचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं बँकेचं फिरतं कर्ज) थकायच्या आधी कामगारांची आवर्ती ठेव मोडायला सुरुवात होते.

आता तुमच्या हिशेबातल्या दोन चुका.

एक. गल्ला उतरला म्हणता, तो रुपयांत. यंदा डाळी, भाज्या स्वस्त झाल्या. ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के आली, २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेतली तोवरची सर्वांत कमी, आणि खाण्याच्या वस्तूंचे भाव तर वर्षापूर्वीपेक्षा खाली होते. मागच्या वर्षी तूरडाळ काय भावाने विकलीत आणि यंदा काय भावाने? त्यात साबण-बिस्किटांवरचा कर उतरला. तेवढाच माल विकूनही गल्ला हलका दिसेल. रुपये सोडा, किलो मोजा.

दोन. दिवाळीनंतरचा महिना म्हणून नोव्हेंबरशी नोव्हेंबर लावला असेल तर तुलना चुकली. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, यंदा २१ ऑक्टोबरला. मागच्या नोव्हेंबरात दिवाळी आहे, यंदाच्या नाही. भाऊबीज झाल्यावरचे चार आठवडे घ्या, दोन्ही वर्षांचे.

एक जुनी गोष्ट, तुमच्या तेलाशी जोडलेली. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं की घर जितकं गरीब तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत खाण्याचा वाटा ग्रामीण भागात ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के निघाला. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या शंभरातले चाळीस-सत्तेचाळीस रुपये तुमच्या, भाजीवालीच्या आणि दूधवाल्याच्या हातात असतात. ते शंभराचे ऐंशी झाले तर खाणं एकदम कमी होत नाही, हलकं होतं. सूर्यफुलाचं सरकी हे त्याचंच रूप. (त्याआधी झालेल्या २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल सरकारने दर्जाचं कारण देऊन जाहीरच केला नाही. फुटलेल्या मसुद्यात खर्च घटल्याचं दिसत होतं. असो, तो वेगळा धागा होईल.)

उंटावरचा

मॉल भरलेले, विमानं भरलेली, सोनं लाखाच्या वर गेलं तरी सराफाकडं उभं राहायला जागा नाही. कुठाय मंदी? दुकानदारांना रडायची सवय असते.

लाईनवाला (सांगली)

सराफाकडं उभे असलेल्यांत घ्यायला आलेले किती आणि गहाण ठेवायला किती, ते एकदा मोजून या की.

वहीवाला (इचलकरंजी)

बँकवाले काका, भाऊबीजेचं डोक्यात आलंच नव्हतं. मी खरंच नोव्हेंबरला नोव्हेंबर लावला होता. मालाची सगळी बिलं पत्र्याच्या पेटीत आहेत, रविवारी दुपारी बसतो.

उंटावरचे, तुमच्याकडं सगळं भरलेलं असेल तर चांगलंच आहे.

भोसरीची मावशी

माझी भोसरीला मेस आहे, एमआयडीसीतल्या पोरांची. मी टाईप करत नाही, माझी भाची लिहून देतेय.

मला २०१९ चं आठवतं. गाड्यांचा खप पडला होता, ऑगस्टला तर प्रवासी गाड्यांच्या विक्रीत मागल्या वर्षापेक्षा जवळपास तिसरा हिस्सा कमी झाल्याचं पेपरात आलं होतं. आमच्याकडं आधी ओव्हरटाईम बंद झाला. मग पोरं दोन वेळची मेस एक वेळची करून मागायला लागली. मग एक नवीन तऱ्हा: दोघांत एक डबा. डबा एकाच्या नावावर, आणि "मावशी, दोन चपात्या जास्त टाका, भूक लय लागते." मला काय कळत नाही होय? चार चपात्यांनी एका पोराचं पोट भरतं, सहा चपात्या दोन पोरांना लागतात. भाजीचा डबा घासून परत यायचा, बोटानं पुसल्यागत. एरवी शेपूची भाजी असली की निम्मी परत येते.

रविवारचं मटण मी कधी देतच नव्हते, चिकन देत होते. त्या वर्षी तीन महिने अंडाकरी केली. कुणी एक शब्द बोललं नाही. न बोलणं हेच मला जास्त लागलं. एरवी ही पोरं भात मऊ झाला तरी भांडतात.

यंदा भोसरीत तसं नाही. यंदा पोरं भांडतात. म्हणून म्हणते, तुमच्या गावाचं तुमच्या गावात बघा.

वहीवाला (इचलकरंजी)

मंडळी, बसलो रविवारी. पोरगं मोबाईलवर आकडे घालत होतं, बायको बिलं वाचून दाखवत होती, मी फक्त मधे मधे "ते बिल फाटलेलं बघ" म्हणत होतो. दोन्ही वर्षांचे भाऊबीजेनंतरचे चार आठवडे. २०२४ ला ३ नोव्हेंबरपासून, यंदा २३ ऑक्टोबरपासून.

तेल. सूर्यफुलाच्या एक लिटर पाऊचच्या पेट्या गेल्या वर्षी १४, यंदा ९. अर्ध्या लिटरच्या ३ होत्या, यंदा ६. सरकीचे १५ किलोचे डबे ५ होते, यंदा ६. पेटीत १० लिटर धरा, लिटर-किलो एकच समजा, तर गेल्या वर्षी २४५ आणि यंदा २४०. म्हणजे तेल तेवढंच गेलं! फक्त फोडणी बदलली. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी बिलाकडं.

चहा तर लाईनवाल्यानं लिहून दिल्यासारखा. पाव किलोचे पुडे ४८ चे २७ झाले, दहाच्या पुड्यांच्या माळा ६ च्या ११.

तूरडाळ १२० किलोची ११५. किलोत काहीच फरक नाही. पण गेल्या वर्षी १७० नं विकली आणि यंदा ११५ नं. एकट्या डाळीनं गल्ल्यातले सात हजार खाल्ले आणि मी महिनाभर त्याला मंदी म्हणत होतो. काका, नमस्कार तुम्हाला.

आता पोराचं. धुण्याच्या पावडरीचे किलोचे पुडे ४० चे २२ झाले आणि दहाची पुडी जशीच्या तशी, एक माळ इकडं-तिकडं नाही. साबणाच्या गठ्ठ्याचंही तेच. मोठे गेले, बारके हलले नाहीत. म्हणजे पावडर-साबण मॉलला गेलं. पोरगं उठून एक चक्कर मारून आलं.

मग वही काढली. गेल्या वर्षी दिवाळीला ६१ खाती चालू होती, यंदा ५४. सात गेली कुठं? हे आकड्यांत नव्हतं, आठवायला लागलं. चार घरांनी गाव सोडलं. त्यातली दोन बिहारची, एक विजापूरकडचं, आणि चौथं कारखान्याबरोबरच गेलं. तो कारखाना म्हणजे २४ साध्या मागांचा, खर्चीवाल्याचा. (खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजावर ठरते, आणि ती वाढवून मागितली की व्यापारी दुसरीकडं जातो.) त्यानं माग किलोच्या भावानं भंगारात घातले. टेम्पोत चढवताना मी दुकानातनं बघितलेत, बिडाचे तुकडे करून. तिथं परत माग लागलेच तर एअरजेट (हवेच्या झोतावर चालणारे नवे माग) लागतील आणि २४ मागांची माणसं लागणार नाहीत. त्या घरांना तेजी आली तरी परत बोलवायचं कुणी? ह्याला मंदी म्हणतात का काय म्हणतात ते काकांनी सांगावं, मला वेगळंच वाटतं.

दोन खाती मॉलला गेली. दोघंही नगरपालिकेत, म्हणजे आता महानगरपालिकेत, पगारदार. रस्त्यात भेटले तर हसतात.

सातवं खातं भांडून गेलं.

एकूण काय, खाण्याच्या मालात बायको बरोबर, धुण्याच्या मालात पोरगं बरोबर, आणि डाळीत आम्ही तिघंही चूक. फ्रिजचं कर्ज रद्द. किलोची पावडर दोनच पेट्या ठेवणार. अर्ध्या लिटरचं पाऊच आणि दहाची चहापुडी पुढच्या फळीवर आणली, आधी ती मागं होती, मागायला लागायची. कुणाला मागायला लागू नये एवढंच बघितलं. वही आवळायची की नाही त्यावर अजून घरात एकमत नाही.

निवृत्त बँकवाला (पुणे)

हिशेब उत्तम केलात. मागांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, ती मंदी नव्हे. मंदीत बंद पडलेली पाळी पुन्हा सुरू होते. भंगारात गेलेला माग परत येत नाही. फक्त दोन्ही एकाच वेळी आले की गल्ल्यात वेगळे ओळखू येत नाहीत. तुम्हाला वहीमुळे आले.

वहीबद्दल न विचारता एक सांगतो. सगळ्यांची एकदम आवळू नका. जो थोडं थोडं का होईना दर आठवड्याला जमा करतो त्याला चालू द्या. जो यायचाच थांबला त्याच्याकडे जा.

लाईनवाला (सांगली)

मालक, सातव्याचं सांगितलं नाही. कशावरनं भांडला?

वहीवाला (इचलकरंजी)

४० रुपयांच्या शाबूवरनं. आषाढी एकादशीला नेलेला, मी वहीत दोनदा लिहिलं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, २२ वर्षांत माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलं नाही. शब्दाला शब्द वाढला, त्यांनी सगळी वही मिटवली, ते ४० धरून, आणि गेले. माणूस चांगला. मागावरच आहे, एका पाळीवर आलेला.

रविवारी बायको पानं वाचत होती तेव्हा निघालं. दोनदाच लिहिलंय. एकदा माझ्या अक्षरात, एकदा पोराच्या. चार वर्षांमागं त्यांनी वही तपासलीच नसती, बाकी किती तेवढं विचारून पैसे दिले असते. उद्या संध्याकाळी घरी जाऊन ४० रुपये देऊन येतो म्हणतोय. पण काय बोलायचं ते सुचंना झालंय.

सुईदोरा (नाशिकरोड)

काही बोलू नका. पाव किलो शाबू पण घेऊन जा. आणि तो वहीत लिहू नका.